उचलून नेणे आणि स्वतः जाणे



गणपती जवळ आले की हॉल, मोदक, साउंड सिस्टिम, पार्किंग यांवर बैठका सुरू होतात. त्या यादीत यंदा आणखी एक विषय यावा, म्हणून हा लेखप्रपंच.

काही वर्षांपूर्वी आमचे अप्पा साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी इथे आले होते. पक्षाघातानंतर ते चाकाच्या खुर्चीवर. साताऱ्यातलं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यामुळे जवळजवळ दोन वर्षं त्यांनी रस्ता फक्त खिडकीतून पाहिलेला. इथे आल्यावर तिसऱ्या दिवशी आम्ही सिटी बसने लायब्ररीत निघालो. बस थांबली, दाराच्या बाजूने खाली झुकली (एअर सस्पेन्शनमधली हवा थोडी सोडतात, एवढंच), एक पाटी बाहेर आली आणि अप्पा खुर्चीसकट आत. ड्रायव्हरने पट्टे लावले, गाडी सुरू. अप्पा मला हळूच म्हणाले, "अरे, कुणी वळून बघितलंसुद्धा नाही!" याचाच त्यांना सर्वात जास्त आनंद झाला होता.

मग गणपती आले. मूर्ती स्टेजवर आणि स्टेजला पाच पायऱ्या. चार तरुण पोरं लगेच धावून आली, "अप्पा, काही काळजी करू नका" म्हणाली आणि त्यांना खुर्चीसकट उचलून वर नेलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. पोरांच्या मनात प्रेमच होतं, याबद्दल शंका नाही. घरी आल्यावर अप्पा म्हणाले, "पोत्यासारखं उचललं रे मला." पुढच्या खेपेला इथे आले तेव्हा ते आरतीला आले नाहीत. पाय दुखतात म्हणाले.

तेव्हापासून मी या विषयावर थोडं वाचायला लागलो. माझा समज असा होता की अमेरिका श्रीमंत आहे, म्हणून ही सोय. ते अर्धंच खरं निघालं. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात 'कलम ५०४' आलं : सरकारी पैसा घेणाऱ्या कुणीही अपंगांशी भेदभाव करायचा नाही. पण त्याचे नियम चार वर्षं निघालेच नाहीत. शेवटी ५ एप्रिल १९७७ ला सुमारे दीडशे जण सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कार्यालयात घुसून बसले. त्यात जूडी ह्यूमन ही पोलिओमुळे खुर्चीवर असलेली बाई पुढारी. फोन तोडले गेले तेव्हा बहिऱ्या आंदोलकांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेरच्यांना निरोप दिले. ब्लॅक पँथर पक्षाचे लोक जेवण पोचवत होते. तीन आठवड्यांहून जास्त काळ ही मंडळी तिथेच जमिनीवर झोपली, आणि नियमांवर सही घेऊनच उठली.

पुढे १२ मार्च १९९० ला वॉशिंग्टनमध्ये साठेक जणांनी खुर्च्या आणि कुबड्या खाली ठेवल्या आणि कॅपिटॉलच्या पायऱ्या हातांवर सरपटत चढल्या. त्यात आठ वर्षांची एक मुलगीही होती. त्यांना कुणी उचलून वर नेऊ शकलं नसतं का? नक्कीच. पण मुद्दाच तो होता. त्याच वर्षी २६ जुलैला 'एडीए' कायद्यावर सही झाली. अप्पांसमोर बस झुकली त्यामागे हे सगळं आहे.

आपल्याकडे हा विचार नव्हता असं मात्र नाही. आनंदवनात बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांना बसवून खाऊ घातलं नाही. त्यांनी शेती केली, कापड विणलं, इमारती बांधल्या. वरोऱ्याचं आनंदनिकेतन कॉलेज त्यांनी उभारलं आणि त्यात गावची धडधाकट मुलं शिकली! कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक स्वतः खुर्चीवर. त्यांनी १९८४ मध्ये 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' सुरू केली, तिचा भरही शिक्षण आणि रोजगारावरच. भारतात २०१६ च्या नव्या कायद्याने मान्य अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले आणि सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण ३ वरून ४ टक्के.

नोकरीच्या बाबतीत अमेरिकेचंही फार कौतुक नको. २०२४ मध्ये इथल्या अपंगांपैकी जेमतेम २३ टक्के कामावर होते, इतरांपैकी ६५ टक्के. अपंगांत वयस्कर बरेच, हे धरूनही फरक मोठा आहे. माझ्या टीममध्ये एक पूर्ण अंध प्रोग्रॅमर होता. स्क्रीन रीडर इतक्या वेगाने ऐकायचा की मला एक शब्द कळायचा नाही, पण माझ्या कोडमधले बग तो आधी पकडायचा. त्याच्यासाठी कंपनीला काय करावं लागलं? एक सॉफ्टवेअर, आणि आम्हाला एक सवय : चित्र टाकलं की खाली दोन ओळी लिहायच्या.

आता आपल्या मंडळाकडे वळतो. कार्यक्रमाची माहिती आपण रंगीत चित्र म्हणून ईमेलने पाठवतो. स्क्रीन रीडरला त्यातला मजकूर भरवशाने वाचता येत नाही. तोच मजकूर युनिकोडमध्ये खाली टाकला तर मराठीसुद्धा वाचून दाखवली जाते. पाच मिनिटांचं काम आहे. नावनोंदणीच्या फॉर्मवर जेवणात जैन की साधं हे विचारतो, तिथेच "काही सोय हवी आहे का?" ही ओळ घालता येईल. ऑटिझम असलेली मुलं आपल्यातही आहेत. शाळेत त्यांना १९७५ च्या कायद्याने हक्काची जागा आहे, शाळा व्हिसा कोणता हेही विचारत नाही. पण ढोलताशा सुरू झाला की त्यांचे आईवडील गाडीत जाऊन बसतात, हे मी पाहिलं आहे. एक शांत खोली उघडून ठेवली तरी पुरे.

आणि कायदा सांगेल तेव्हा बघू, असं म्हणून चालणार नाही. धार्मिक संस्थांना एडीएच्या या तरतुदींतून सूट आहे. म्हणजे देवळात पायरी ठेवायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

राहता राहिलं स्टेज. मी टेप घेऊन मोजून आलो. उंची ३० इंच. नियमाप्रमाणे एक इंच चढायला बारा इंच उतार लागतो, म्हणजे ३० फुटी रॅम्प. आपल्या हॉलमध्ये मावत नाही. पण गणपती खाली, लोकांच्या पातळीवर बसवला तर? स्टेज नाटकाला मोकळं राहील, आरतीला सगळ्यांना जवळ उभं राहता येईल. फोटो तितके छान येणार नाहीत, ही तक्रार येईलच. पुढच्या बैठकीत मी हा प्रस्ताव मांडतोय, जमेल त्यांनी जरूर या. अप्पांचं तिकीट ऑगस्टचं आहे.