तगरची पेठ आणि बुद्धांचा धर्म

धाराशिवजवळ तेरणेच्या काठी वसलेले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी ग्रंथानुसार येथील कापड गाड्यांतून भडोचला जाई. व्यापाऱ्यांच्या दानाने श्रमणसंघ पोसले जात. उत्खननात सापडलेला विटांचा स्तूप येथील बौद्ध वैभवाची साक्ष देतो.

भगवान महावीर आणि बुद्ध समकालीन. अहिंसा दोघांचीही; परंतु बुद्धांनी कठोर तपाऐवजी मध्यममार्ग सांगितला, नित्य आत्मा मानला नाही.

आज तेरमध्ये स्तूपाचे केवळ अवशेष उरले आहेत, महावीर मंदिरात मात्र पूजा चालते. १९५६ साली डॉ. आंबेडकरांनी नागपुरात दीक्षा घेतली आणि बुद्धवाणी मराठवाड्यातील घराघरांत परतली. दानाने वास्तू उभ्या राहतात; धर्म टिकतो तो गृहस्थांच्या नित्य आचरणाने.