बालेवाडीतली दुहेरी

लातूर-नांदेडहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघालं की सकाळी पुणे. तिथल्या बालेवाडीत 2018 ते 2023 या काळात टाटा ओपन महाराष्ट्र ही एटीपी 250 स्पर्धा व्हायची. चेन्नईहून ती पुण्यात आली होती; कोविडमुळे 2021चं वर्ष मात्र कोरडं गेलं. गर्दी एकेरीला जास्त. पण आपल्या माणसांनी करंडक उचलला तो पुरुष दुहेरीत!

2019मध्ये रोहन बोपण्णा आणि दिविज शरण विजेते ठरले. 2022ची फायनल त्याहून रंगली. बोपण्णा-रामकुमार रामनाथन जोडीने ल्यूक सॅव्हिल-जॉन पीअर्सविरुद्ध पहिला सेट टायब्रेकमध्ये 10-12 असा गमावला, दुसरा 6-3 घेतला आणि निर्णायक सुपर टायब्रेक 10-6 असा खिशात घातला.

हा सुपर टायब्रेक म्हणजे तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांची झुंज, दोनच्या फरकाने जिंकायची. शिवाय 40-40 झालं की ॲडव्हांटेज नाही. एकाच गुणावर गेमचा निकाल, आणि सर्व्हिस कुठल्या बाजूने घ्यायची ते ती परतवणारी जोडी ठरवते. अशा वेळी नेटजवळच्या खेळाडूचा पाठीमागे लपवलेला हात बघाच. बोटांच्या खुणेने तो जोडीदाराला सर्व्हिस कुठे टाकायची, आपण कुठे सरकणार, ते सांगत असतो. चेंडूपेक्षा तो हात बघण्यातच खरी मजा!

पुण्याच्या अर्जुन कढेने ऑक्टोबर 2024मध्ये ऋत्विक बोल्लीपल्लीसोबत अल्माटीत एटीपी दुहेरीचं विजेतेपद मिळवलं. तिथला सुपर टायब्रेक 14-12 पर्यंत ताणला गेला होता.