तान्हे बाळ आणि कोरोना : भय नको, दक्षता हवी

एप्रिल २०२० मध्ये रत्नागिरीत अवघ्या सहा महिन्यांच्या बाळाला कोरोनाची लागण झाल्याचे निष्पन्न झाले, तेव्हा साऱ्या जिल्ह्याच्या काळजाचा ठोका चुकला. आपले दुखणे शब्दांत सांगू न शकणारा तो जीव या रोगाशी कसा झुंजणार, हीच चिंता घरोघरी होती. पुढे ते बाळ पूर्ण बरे होऊन घरी परतले. जगभरचा अनुभवही पुष्कळसा असाच आहे. बहुतेक तान्ह्या मुलांत हा आजार सौम्य राहतो. किंचित ताप, नाक चोंदणे, खोकला, क्वचित जुलाब, एवढ्यावरच तो निभावतो.

गर्भातच लागण होते काय? होते, पण क्वचित. पुण्याच्या ससून रुग्णालयात २०२० मध्ये जन्मलेल्या एका बाळाच्या नाकातील स्रावात, नाळेत आणि वारेतही विषाणू आढळला होता. त्या बाळाची प्रकृती गंभीर झाली, तरी उपचारांनी ते बरे झाले. बहुतांश बाळांना मात्र जन्मानंतर जवळच्या माणसांकडूनच संसर्ग होतो. गरोदरपणी आईला तीव्र आजार झाल्यास अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीचा धोका वाढतो. अशी बाळे, तसेच हृदयाचे वा फुप्फुसाचे जन्मजात विकार असलेली बाळे, यांना अधिक जपावे लागते.

आई बाधित असली की बाळाला तिच्यापासून दूर करून वरचे दूध पाजण्याची घाई अनेक घरांत झाली. हे हितकर नव्हे. आईची प्रकृती ठीक असेल तर तिने साबणाने हात धुऊन, मास्क लावून अंगावरच पाजावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. आईच्या दुधातून बाळाला रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. बाळाच्या तोंडावर मात्र मास्क कधीही बांधू नये; त्याचा श्वास कोंडतो.

आपल्या व्यापारी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. दिवसभर दुकानात शेकडो गिऱ्हाइकांशी संबंध येतो. घरी आल्यावर हातपाय धुऊन, कपडे बदलूनच बाळाला घ्यावे. सर्दी-खोकला असलेल्याने, मग ते आजोबा का असेनात, बाळाचा पापा घेण्याचा मोह आवरावा. बारशाची गर्दी थोडी पुढे ढकलल्याने कोणाचा मान कमी होत नाही.

तीन महिन्यांच्या आतील बाळाला ताप आला, ते दूध ओढेनासे झाले, छाती आत ओढून भराभर श्वास घेऊ लागले, ओठ निळसर दिसले, लघवी कमी झाली वा ते मलूल पडले, तर घरगुती काढे, गुटी यांत वेळ न दवडता तत्काळ बालरोगतज्ज्ञ गाठावा. आजारानंतर दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा ताप, अंगावर पुरळ वा डोळे लाल दिसल्यासही दुर्लक्ष करू नये.

कोरोनाची लाट ओसरली, विषाणू मात्र गेलेला नाही. बाळ स्वतःला जपू शकत नाही. त्याला जपणे हे त्याला कडेवर घेणाऱ्या प्रत्येकाचे कर्तव्य आहे.