तारे चवीचे, स्वच्छतेचे नव्हेत

"फोर पॉइंट फोर आहे, बिनधास्त जाऊ." मित्रांच्या घोळक्याबरोबर त्र्यंबकेश्वरला गेलेल्या कुणालाही हे वाक्य ओळखीचं आहे. दर्शनबारीतून सुटेपर्यंत दुपार टळलेली असते, पोटात कावळे ओरडत असतात आणि कुशावर्तापासून बस स्टँडपर्यंत नेमकं कुठे बसायचं हे फोन ठरवतो. फोन बघायला हरकत काहीच नाही. जेवण साधारण लोकांना आवडतं की नाही, याचा अंदाज त्या आकड्यावरून बांधता येतो. पण लोक त्यावरून भलतंच ठरवून मोकळे होतात: एवढे तारे आहेत म्हणजे स्वयंपाकघर स्वच्छ असणार, पाणी चांगलं असणार, पोट बिघडायचं नाही. चांगली शिकलीसवरलेली माणसं हे इतक्या खात्रीने सांगतात की चीड येते. २०२७ च्या सिंहस्थात लाखो माणसं याच गावात याच भरवशावर जेवायला बसणार आहेत, म्हणून हा समज मुळापासून तपासायला हवा.

तारे कोण देतं? जेवून उठलेला माणूस. त्याला काय दिसलेलं असतं? टेबल, ताट, वेटरची वागणूक, पंखा चालू आहे की नाही, गाडी लावायला जागा मिळाली की नाही. गूगलवर हॉटेलचं परीक्षण लिहिताना जेवण, सेवा आणि वातावरण यांना वेगवेगळे तारे देण्याची सोय आहे. स्वच्छतेचा रकानाच नाही. भटारखाना पडद्यामागे असतो. गच्चीवरची टाकी शेवटची कधी धुतली, सकाळी शिजवलेला भात दुपारपर्यंत कुठे ठेवला होता, कांदा चिरणाऱ्याने हात धुतले होते का, यातलं गिऱ्हाइकाला काहीच ठाऊक नसतं. आणि समजा त्याने आत डोकावून पाहिलं, तरी जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. पोट बिघडवणाऱ्या अन्नाला वास किंवा आंबूस चव येतेच असंही नाही. उत्तम चवीची भाजी तुम्हाला आडवं करू शकते.

याहून मोठी अडचण वेळेची आहे. बिलाबरोबर क्यूआर कोडचं कार्ड टेबलावर येतं आणि तारे तिथेच, हात पुसता पुसता दिले जातात. आजार मात्र त्याच्या वेळेने येतो. स्टॅफिलोकोकस जंतूच्या विषाने होणारी उलटी अर्ध्या तासापासून आठ तासांपर्यंत कधीही सुरू होते. साल्मोनेलाला सहा तासांपासून सहा दिवस लागू शकतात. कॅम्पिलोबॅक्टरला सहसा दोन ते पाच दिवस. आता श्रावणी सोमवारी दुपारी दोनला त्र्यंबकमध्ये जेवलेलं सुरतेचं कुटुंब डोळ्यांसमोर आणा. रात्रीपर्यंत ते घरी पोहोचतं, मंगळवारी संध्याकाळी घराजवळ पाणीपुरी खातं आणि बुधवारी पहाटे घरातल्या तिघांना ताप आणि जुलाब. दोष कुणाला? पाणीपुरीवाल्याला. त्र्यंबकच्या हॉटेलचे पाच तारे तसेच राहतात. शेवटचं खाल्लेलंच बाधतं, ही आपली पक्की समजूत असल्यामुळे उलटंही होतं: ज्याचा काही संबंध नाही अशा रस्त्यावरच्या ढाब्याला एक तारा मिळतो. येणारा प्रत्येक जण परगावचा आणि एकदाच जेवून जाणारा असेल, तर ही गल्लत आणखी वाढते. रोजचं गिऱ्हाईक पुन्हा येऊन मालकाला जाब विचारतं, यात्रेकरू विचारू शकत नाही.

"पण एवढ्या हजारो लोकांनी लिहिलंय, त्यातून काहीतरी कळतच असेल ना?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत सिएटल शहरातल्या हॉटेलांची ग्राहक-परीक्षणं आणि आरोग्य खात्याची तपासणी यांची सांगड घालून, परीक्षणांवरून अस्वच्छ हॉटेल ओळखता येतं, असा दावा २०१३ मध्ये झाला होता आणि तो खूप गाजलाही. २०१९ मध्ये क्रिस्टन आल्टनबर्गर आणि डॅनियल हो यांनी तीच माहिती पुन्हा तपासली. पहिल्या अभ्यासात अगदी वाईट आणि अगदी चांगली हॉटेलंच निवडून घेतली होती, मधली बहुसंख्य सोडून दिली होती. ती मोजणीत धरल्यावर दाव्यातला दम बराचसा निघून गेला.

मग स्वच्छतेसाठी पाहायचं काय? एफएसएसएआय, म्हणजे देशाचं अन्न सुरक्षा प्राधिकरण, स्वतंत्र 'हायजीन रेटिंग' देतं. त्यासाठी प्रशिक्षित तपासनीस स्वयंपाकघरात जातो, साठवण, पाणी, कामगारांची स्वच्छता, तापमान पाहतो आणि एक ते पाच हसऱ्या चेहऱ्यांत गुण देतो. ज्यांनी अर्ज केला त्यांनाच ते मिळतं, त्यामुळे ते नाही म्हणजे हॉटेल घाण आहे, असा अर्थ काढू नये. पण असेल तर फोनवरच्या ताऱ्यांपेक्षा त्याला कितीतरी जास्त किंमत द्यावी. दुसरी गोष्ट तुमच्या हातातल्या बिलावरच असते. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक छापणं बंधनकारक आहे. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या व्यवसायाची नोंदणी. राज्याने दिलेला असेल तर पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. त्यापुढचे दोन वर्षाचे. ११५१८ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे २०१८ मधला महाराष्ट्राचा परवाना. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तो टाकून चालू आहे की नाही ते पाहता येतं. हा क्रमांक काही स्वच्छतेचं प्रशस्तिपत्र नव्हे, पण त्या भटारखान्याला जबाबदार कोण, हे त्यावरून कळतं.

बरं, निदान चवीपुरते तरी तारे खरे का? अर्धेमुर्धे. सातपूर ओलांडून अंजनेरीकडे जाताना मिसळीच्या पाट्यांची रांगच लागते. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा, दही, पापड, शेवटी जिलेबी. नाशिककर त्याला पाच तारे देतो आणि 'जाळ पाहिजे' म्हणतो. गोड डाळीची सवय असलेला पाहुणा तोच रस्सा पहिल्या घासाला बाजूला सारतो आणि एक तारा देतो. सरासरी निघते तीन. या दोघांपैकी एकाचंही मत तीन नाही. नान हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ॲमेझॉनवरच्या वस्तूंच्या परीक्षणांबद्दल हेच दाखवलं होतं: फार आवडलेले आणि फार चिडलेले लिहितात, बेताचं वाटलेले लिहायची तसदी घेत नाहीत. म्हणून आकड्यापेक्षा एक तारा देणाऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचावं. 'फार तिखट' ही तुमच्या दृष्टीने शिफारसही असू शकते.

सरासरीचं गणितही लोक विसरतात. एक हजार जणांनी मिळून ४.४ दिलेत. मग आचारी बदलला, जेवण बिघडलं आणि पुढच्या शंभर जणांनी सरसकट दोनच तारे दिले. सरासरी किती होईल? ४.२. शंभर माणसं नाराज होऊन गेली आणि आकडा जेमतेम हलला. उलट, वीसच जणांनी चार तारे दिलेल्या नव्या खानावळीत चौघा मित्रांचा घोळका रागावला आणि प्रत्येकाने एक तारा दिला, तर ती ४ वरून एकदम ३.५ वर येते. त्या चौघांनी एकाच दुपारी, एकाच टेबलावर, एकाच वेटरची वाट पाहिलेली असते. तो अनुभव एकच आहे, चार नव्हेत. मत देण्याआधीच त्यांच्यातल्या पहिल्याने "बकवास आहे" म्हटलेलं असतं, त्याचाही परिणाम होतो. २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगात संकेतस्थळावरच्या प्रतिक्रियांना मुद्दाम एकच खोटं अनुकूल मत जोडलं गेलं. पुढच्या वाचकाने अनुकूल मत देण्याची शक्यता तेवढ्याने ३२ टक्क्यांनी वाढली. म्हणून मित्रांबरोबर जेवल्यावर तारे द्यायचेच असतील तर एकमेकांना न विचारता द्या, किंवा सगळ्यांचं मिळून एकच द्या.

"पाच स्टार द्या, एक बासुंदी आमच्याकडून" हेही सर्रास चालतं, आणि त्यात वावगं काही नाही असं लोकांना वाटतं. वावगं आहे. परीक्षणाच्या बदल्यात काही देणं गूगलच्या नियमांत बसत नाही. भारतीय मानक ब्युरोनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्राहक-परीक्षणांसाठी आयएस १९००० हे मानक आणलं. ते ऐच्छिक असलं तरी विकत घेतलेलं मत त्यात बसत नाही. बासुंदी खाऊन दिलेल्या ताऱ्यावर भिस्त ठेवून पुढचं कुटुंब आत शिरतं, एवढं ध्यानात ठेवा.

उपासाचं खाणं हलकं आणि निर्धोक, हा समज त्र्यंबकमध्ये विशेष धोक्याचा आहे. पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला अख्खं गाव उपासाचं खातं. त्याच तिथीला, ६ फेब्रुवारी २०२४ रोजी, नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या एका धार्मिक कार्यक्रमात भगर खाल्लेल्या हजाराहून अधिक भाविकांना विषबाधा झाली. ओलसर साठवलेल्या भगरीवर बुरशी धरते आणि विषारी द्रव्यं तयार होतात, असा इशारा अन्न व औषध प्रशासन सणावाराच्या आधी देत आलेलं आहे. सुटी भगर आणि तयार पीठ टाळा, पाकिटावरची तारीख पाहा, असं त्यांचं सांगणं असतं. हॉटेलात बसल्यावर भगर पाकीटबंद आणता का, हे विचारायला लाजू नका.

शाकाहारी हॉटेलात विषबाधा होत नाही, असं म्हणतात. भात, पनीर, चिरलेली कोशिंबीर आणि पाणी यांतूनही ती होते. पुन्हा खळखळून उकळलं की सगळं मरतं, हेही अर्धसत्य: बहुतेक जंतू मरतात, पण स्टॅफिलोकोकसचं आणि भातातल्या बॅसिलसचं उलटी आणणारं विष उकळूनही टिकतं. गर्दी आहे म्हणजे ताजं आहे, हे एरवी बऱ्यापैकी खरं, पण श्रावणी सोमवारी स्वयंपाक रात्रीपासूनच मोठ्या पातेल्यांत होतो. ५ ते ६० अंशांच्या दरम्यान अन्न तासन् तास राहिलं की जंतूंची चंगळ. चुलीवर शिजवल्याने धुराचा वास येतो, शुद्धता येत नाही.

पैशांबद्दलचे गैरसमज थोडक्यात. सर्व्हिस चार्ज हा कर नाही, तो सरकारकडे जात नाही आणि द्यावाच लागतो असंही नाही. तो आपोआप लावायला मनाई करणाऱ्या ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी उचलून धरल्या. बिलात आपोआप लावला असेल तर काढायला सांगा, ऐकलं नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. कंपोझिशन योजनेतल्या हॉटेलला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही. १८६७ च्या सराई कायद्यामुळे कोणत्याही हॉटेलात फुकट पाणी आणि स्वच्छतागृह हा तुमचा हक्क आहे, असा जो निरोप यात्रेच्या दिवसांत फिरतो तो चुकीचा आहे. तो कायदा प्रवाशांना मुक्कामाला ठेवणाऱ्या सरायांबद्दल आहे.

आणि आजारी पडल्यावर एक तारा दिला म्हणजे तक्रार झाली, असं समजू नका. फोनवरचा तारा पाहून अन्न व औषध प्रशासनाचा निरीक्षक निघत नाही. डॉक्टरांना गाठा, बिल जपून ठेवा आणि जेवणाची वेळ, त्रास सुरू झाल्याची वेळ, कुणी काय खाल्लं आणि कुणी काय खाल्लं नाही, हे लगेच लिहून काढा. सहा जणांपैकी चौघांनी मिसळ घेतली, दोघांनी थाळी आणि आजारी ते चौघेच पडले, तर तपासणाऱ्याला नेमकं कोणतं पातेलं तपासायचं हे कळतं.