सोडायला सोपा रिट्रॅक्टर

पोटावर छेद घेतला तरी त्याच्या कडा आपोआप उघड्या राहत नाहीत. स्नायू त्या जवळ खेचतात, आतडी वर येतात आणि जिथे काम करायचे तीच जागा झाकली जाते. ती मोकळी ठेवण्याचे काम रिट्रॅक्टरचे. लँगेनबेक, डीव्हर, डॉयन हे हाताने धरायचे प्रकार. एका टोकाला मूठ आणि दुसऱ्या टोकाला वळवलेले पाते, यापलीकडे त्यांत काही नसते. चालवायला याहून सोपे अवजार शोधून सापडणार नाही. अडचण आहे ती धरणाऱ्या हाताची. लांबलेल्या शस्त्रक्रियेत शिकाऊ डॉक्टरचा हात भरून येतो, पाते नकळत सरकते आणि ते सावरताना जोर जास्त लागतो. छोट्या रुग्णालयात तर असा जादा हात मिळणेच मुश्कील.

एकदा उघडून ठेवला की तसाच राहणारा यांत्रिक रिट्रॅक्टर या गरजेतून आला. मेयो क्लिनिकमधले शल्यविशारद डोनाल्ड बाल्फोर यांच्या चौकटीत दोन बाजूंची पाती दांड्यांवर सरकतात आणि मधले तिसरे पाते नटाने आवळले जाते. अर्जेंटिनाच्या एन्रिके फिनोकिएत्तो यांनी १९३६ मध्ये फासळ्या फाकवणारे साधन तयार केले. त्यात दातेरी पट्टीवर एक बाहू स्थिर असतो आणि दुसरा हँडल फिरवून सरकवता येतो. छातीचा दाब उलटा आला तरी हँडल मागे फिरत नाही, त्यामुळे वेगळी कळ लावावी लागत नाही. बुकवॉल्टरच्या रचनेत टेबलाच्या कडेला घट्ट बसवलेल्या खांबावर एक कडे असते आणि हवी तितकी पाती त्या कड्याला अडकवता येतात. दिसते ते उत्तम; पण जोडणीतले भाग वाढले की ती शिकायला आणि मांडायला लागणारा वेळही वाढतो.

पाते धरून ठेवण्याच्या मुख्य युक्त्या दोन. मळसूत्र बारीक पावलांनी सरकते. आट्यांमधले अंतर १ मिलिमीटर असेल तर पाव फेऱ्यात पाते पाव मिलिमीटरच हलते आणि घर्षणामुळे तिथेच थांबते. नियंत्रण चोख, पण वेळ फार जातो. रॅचेटमध्ये दाते आणि खटका असतो. वाइटलानर रिट्रॅक्टरची कडी दोन बोटांनी दाबली की टोके फाकतात, खटका एकेक दाता ओलांडतो आणि प्रत्येक दात्याला हाताला टिचकी जाणवते. एका हाताने चालणारी ही रचना लहान जखमेसाठी फार सोयीची.

सोपेपणाची खरी परीक्षा मात्र उघडताना होत नाही, सोडताना होते. ताणलेल्या स्नायूंचा सगळा भार खटक्यावर आलेला असतो. तो सोडवायचा तर आधी कडी किंचित दाबून भार काढावा लागतो आणि मग अंगठ्याने कळ दाबायची असते. सराव असलेल्याच्या हे अंगवळणी पडलेले असते. अचानक रक्तस्राव सुरू झाला आणि साधन ताबडतोब बाहेर काढायचे असले की नवखा माणूस नुसती कळच दाबत राहतो. दात्याचा उतार कमी केला तर खटका सहज सुटतो, पण नको तेव्हा घसरण्याची भीतीही वाढते. त्यापेक्षा कळ लांब करून अंगठ्याला जास्त तरफ देणे हा बरा मार्ग.

दुसरा प्रश्न जोराचा. फिनोकिएत्तोसारख्या साधनात हँडलची लांबी ५ सेंटिमीटर आणि पट्टीवर फिरणाऱ्या दातेरी चाकाची त्रिज्या अर्धा सेंटिमीटर असेल, तर हाताचा जोर हिशेबाने दहापट होतो. त्यातला थोडा घर्षणात जातो. मोटारीच्या जॅकप्रमाणे इथेही कष्ट जाणवत नाहीत, आणि धोका नेमका त्यातच आहे. फासळी मोडेपर्यंत हाताला कळतही नाही. गर्भाशय काढताना बाजूची पाती खोल असली आणि रुग्ण बारीक असली, तर सोअस स्नायूजवळची फीमोरल नस दबू शकते. मग शुद्धीवर आल्यावर पाय उचलताना गुडघा साथ देत नाही. म्हणून पाते रुंद हवे, कडा गोलाई दिलेल्या हव्यात आणि खाली ओला मॉप हवा. ऊती हळूहळू सैल पडतात; थोडे उघडून, थांबून, पुन्हा उघडले तर तेवढीच जागा कमी ताणात मिळते. आपण किती उघडले हे दाखवणाऱ्या खुणा पट्टीवर कोरणे सोपे, तरी पुष्कळदा त्या नसतात.

हातमोजे रक्ताने, चरबीने निसरडे होतात. त्यामुळे फिरवायच्या भागावर खरबरीत नक्षी हवी आणि तो बारीक बोटांनाही पेलावा. सुटा नट पोटात पडला तर मोजणी चुकते आणि शोधाशोध सुरू होते. नट दांड्यावरून निघूच नये, अशी अडण ठेवली की हा घोर मिटतो. दिव्याखाली चकाकू नये म्हणून पृष्ठभाग निस्तेज ठेवतात. बिजागरीच्या फटीत रक्त वाळले की ते आधी घासून काढावे लागते, नाहीतर १३४ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्येही वाफ आतपर्यंत पोहोचेलच असे नाही. अवजाराविना सुटणारे आणि चुकीच्या बाजूने बसणारच नाहीत असे भाग हे काम हलके करतात. म्हणून आराखडा सर्जनबरोबरच ओटीच्या सिस्टरना आणि साधने धुणाऱ्या कर्मचाऱ्यांनाही दाखवायला हवा.

दोन लवचीक कडी आणि त्यांमधली प्लास्टिकची पातळ नळी असा एक बिनयंत्राचा प्रकारही आज वापरात आहे. एक कडे जखमेच्या आत सोडतात, बाहेरचे गुंडाळत आणतात; नळी ताणली जाते आणि कडा सगळीकडून सारख्या दाबाने उघडतात. यात दाते नाहीत, खटका नाही. मात्र हे साधन फक्त जखमेच्या कडा सांभाळते. यकृत वर उचलून धरायचे असेल, तर टेबलाला बांधलेले पातेच लागते.