सूक्ष्मनियंत्रक फलकांची विकसनसाधने

सूक्ष्मनियंत्रक फलकासाठी आज्ञावली लिहिणे, तिचे यंत्रभाषेत रूपांतर करणे, ती फलकावरील स्मृतीत भरणे व तीमधील दोष शोधणे ह्या कामांच्या साधनांना विकसनसाधने म्हणतात. सूक्ष्मनियंत्रकात म्हणजे मायक्रोकंट्रोलरमध्ये प्रक्रियक, स्मृती व आदान-प्रदानाची मंडले एकाच चिपवर असतात. त्याला बहुधा पडदा वा कळफलक नसतो. त्यामुळे आज्ञावली नेहमीच्या संगणकावर तयार करून फलकावर पाठवावी लागते आणि ती तेथे कशी चालते, हेही साधनांमार्फतच कळते. म्हणून साधनांची निवड महत्त्वाची ठरते.

इतिहास : इंटेलच्या ८७४८ (१९७६) ह्या सूक्ष्मनियंत्रकात १ किलोबाइट आज्ञास्मृती होती. आज्ञावली बदलण्यासाठी चिपवरील खिडकीतून जंबुपार किरण सोडून जुना मजकूर पुसावा लागे. विद्युत् पद्धतीने पुसता येणारी स्मृती असलेले सूक्ष्मनियंत्रक १९९३ च्या सुमारास आले (उदा., मायक्रोचिपचा पीआयसी १६सी८४) व चिप मंडलातच ठेवून आज्ञावली बदलणे सुलभ झाले. २००५ मध्ये इटलीतील इव्रेआ येथे आर्दुइनो प्रकल्प सुरू झाला. त्याने फलक, संपादक व तयार आज्ञासंग्रह एकत्र दिल्यामुळे विद्यार्थी व हौशी लोकांनाही हे तंत्र हाताळता येऊ लागले.

प्रकार : पहिल्या प्रकारात आर्दुइनोसारखी सुलभ साधने येतात. ती चिपचे अंतर्गत तपशील झाकून ठेवतात. तथापि त्यासाठी वेग खर्ची पडतो. आर्दुइनो उनो ह्या १६ मेगाहर्ट्झच्या फलकावर अग्राची स्थिती बदलण्यास तयार फलनाने काही मायक्रोसेकंद लागतात. तेच काम एकाच यंत्र-आज्ञेने ०·१२५ मायक्रोसेकंदात होते. दुसऱ्या प्रकारात चिपनिर्मात्यांची व व्यावसायिक साधने येतात (उदा., कायल, ईएसपी-आयडीएफ). ती शिकण्यास अवघड, पण चिपवर पूर्ण ताबा देणारी असतात. तिसरा प्रकार मायक्रोपायथनसारख्या अर्थबोधकांचा. त्यात आज्ञा लिहिताच फलकावर चालवून पाहता येते. मात्र त्यांना पुष्कळ स्मृती लागते. रास्पबेरी पाय पिको (२०२१) ह्या फलकावरील २६४ किलोबाइट स्मृतीत मायक्रोपायथन चालते, तर उनोच्या २ किलोबाइट स्मृतीत ते मावत नाही.

निवडीचे निकष : स्मृती व वेग ह्यांखेरीज दोषशोधनाची सोय हा प्रमुख निकष होय. सुलभ साधने वापरणारे बहुधा संगणकाकडे संदेश पाठवून दोष शोधतात. दर सेकंदास ९,६०० बिट ह्या वेगाने एका अक्षरास सु. १ मिलिसेकंद लागतो. संदेश साठविण्याची जागा भरली की मुख्य काम खोळंबते. परिणामी काही वेळा संदेश पाठविल्यानेच दोष दिसेनासा होतो किंवा नवा उद्भवतो. ह्याउलट जेटॅग वा एसडब्ल्यूडी जोडणीतून दोषशोधक लावल्यास आज्ञावली हव्या त्या आज्ञेवर थांबवून स्मृतीतील मूल्ये पाहता येतात. आर्दुइनोच्या २·० ह्या आवृत्तीत (२०२२) अशी सोय काही फलकांपुरती उपलब्ध झाली.

दुसरा निकष टिकाऊपणाचा आहे. पंप, मीटर, वैद्यकीय उपकरणे इ. अनेक वर्षे वापरात राहतात. संकलक व आज्ञासंग्रह ह्यांच्या आवृत्त्या बदलल्यास तीच मूळ आज्ञावली वेगळे यंत्र-संकेत निर्माण करू शकते. म्हणून ज्या साधनांच्या आवृत्त्या निश्चित करून जतन करता येतात, ती अशा कामी श्रेयस्कर ठरतात. जीसीसीसारख्या मुक्त संकलकाची जुनी आवृत्ती परवान्याच्या अडचणीविना वापरता येते.

शिक्षणासाठी व प्राथमिक नमुन्यासाठी सुलभ साधने पुरेशी असतात. जेथे चुकीने यंत्राची वा मनुष्याची हानी संभवते, तेथे दोषशोधक व आवृत्तींची नोंद ह्यांना सुलभतेपेक्षा अधिक महत्त्व द्यावे लागते.