ऑपरेशन न केलेलं मूल दहा वर्षांनी कुठे असतं?

मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून तिरकी आत शिरते. हा तिरका बोगदा काही बाळांमध्ये जन्मतःच आखूड असतो आणि लघवी उलटी मूत्रपिंडाकडे जाते. याला वेसिको-युरेटरल रिफ्लक्स म्हणतात. ग्रेड १ ते ५. जंतुसंसर्ग वर चढला तर मूत्रपिंडावर कायमचे वण राहू शकतात. मूल वाढतं तसा बोगदा लांबतो, त्यामुळे सौम्य रिफ्लक्स बऱ्याचदा आपोआप जातो. खरा वाद ग्रेड ३-४ चा.

त्यावरचा गाजलेला अभ्यास म्हणजे इंटरनॅशनल रिफ्लक्स स्टडी. त्याच्या युरोपीय शाखेत ३०६ मुलं होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले: एकाचं ऑपरेशन, दुसऱ्याला रोज अँटिबायोटिकचा छोटा डोस. १० वर्षांनी मूत्रपिंडाच्या वाढीत आणि नव्या वणांत फारसा फरक दिसला नाही. तापाचे संसर्ग मात्र औषधाच्या गटात जास्त झाले.

आता 'ऑपरेशन नको' असं लिहून मोकळे होऊ नका. दोन गोष्टी बघा.

एक, 'ऑपरेशन नाही' म्हणजे 'काहीच नाही' असं नव्हे. त्या मुलांवर कडक लक्ष होतं. संसर्ग झाला की लगेच उपचार. दुसरं, १० वर्षांपर्यंत २५२ मुलंच हाती राहिली. उरलेल्या ५४ जणांचं काय झालं?

हाच अभ्यास दौंडला करायचा ठरवा. पाटसच्या कारखान्याला ऊस तोडायला आलेलं कुटुंब हंगाम संपला की गावी परततं. मूल बरं झालं म्हणून आलं नाही, की ताप अंगावर काढतंय? तुमच्या तक्त्यात दोघंही 'गैरहजर'च. फक्त येणाऱ्यांची सरासरी काढलीत, तर निकाल कुठल्याही बाजूला झुकू शकतो.

उपाय शेजारच्या शिरूर तालुक्यात दिसतो. वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचं संशोधन केंद्र २००२ पासून २२ गावांत घरोघरी जाऊन जन्म, मृत्यू आणि स्थलांतर नोंदवतंय. तिथे 'कुटुंब गाव सोडून गेलं' हीसुद्धा एक नोंद असते.

म्हणून तुमच्या प्रस्तावात, विषय कोणताही असो, एक परिच्छेद आधी लिहा: जे परत येणार नाहीत, त्यांना मी कसं शोधणार? गाईडने विचारायच्या आधी तुम्हीच स्वतःला विचारा. 'ऑपरेशन टाळलं तर चालेल ना?' असं विचारणाऱ्या आईला दिलेलं उत्तर त्याच परिच्छेदावर उभं असतं.